इंदूरहून पहिल्या मोटर रॅलीला निघताना

इंदूरच्या माणसाला मोटारींच्या वेगाचे नवल आता फारसे राहिलेले नाही. पीथमपूरजवळच्या नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्रात ११.३ किलोमीटर लांबीचा लंबगोल हाय-स्पीड ट्रॅक २०२१मध्ये सुरू झाला, आणि त्याच्या कितीतरी आधी, २००७पासून, त्याच परिसरात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेल्या गाड्यांची बाजा ही स्पर्धा गाजू लागली होती. तरीही ज्याच्या घरी एक साधी हॅचबॅक आहे, जो सोमवार ते शनिवार नोकरी करतो आणि ज्याला या खेळात प्रेक्षक म्हणून नव्हे तर स्पर्धक म्हणून उतरायचे आहे, त्याला सुरुवात कुठून करावी हे सांगणारे क्वचित भेटते. माझे मत स्पष्ट आहे. त्याने टीएसडी रॅलीपासून, म्हणजे वेळ, वेग आणि अंतर यांचा मेळ घालणाऱ्या रॅलीपासून सुरुवात करावी, आणि शक्य असल्यास पहिल्या स्पर्धेत चालकाच्या नव्हे तर नॅव्हिगेटरच्या, म्हणजे शेजारी बसून वाट आणि वेळ सांगणाऱ्याच्या, आसनावर बसावे.

टीएसडीमध्ये सर्वांत आधी पोहोचणारा जिंकत नाही. संयोजक प्रत्येक टप्प्यासाठी सरासरी वेग ठरवून देतात आणि त्या वेगाने गेल्यास जी वेळ येईल त्याच वेळी तुम्ही ठरलेल्या बिंदूवर असावे, अशी अपेक्षा असते. हे बिंदू बहुधा आधी सांगितलेले नसतात. वळणापलीकडे झाडाखाली घड्याळ घेऊन बसलेले मार्शल, म्हणजे संयोजकांचे स्वयंसेवक, अचानक दिसतात आणि तुमच्या गाडीची वेळ सेकंदात नोंदवतात. उशीर झाला तर दर सेकंदाला दंडाचा गुण मिळतो आणि लवकर पोहोचल्यास अनेक स्पर्धांत दुप्पट गुण मिळतात, कारण खुल्या रस्त्यावर कोणी घाई करू नये हाच या नियमाचा हेतू आहे. दिलेले वेग साधारणपणे ताशी २४ ते ५० किलोमीटरच्या दरम्यान असतात. ऐकायला हे सोपे वाटते, पण गावातला बाजार, रेल्वेचे फाटक आणि उसाच्या ट्रॉल्या यांच्यामधून दोन तास ताशी ३६ची सरासरी सेकंदाच्या हिशेबाने राखणे किती कठीण आहे, हे एकदा केल्याशिवाय कळत नाही.

आधी कागद

भारतात या खेळाचे नियमन फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडिया, म्हणजे एफएमएससीआय, ही संस्था करते. ती १९७१मध्ये स्थापन झाली, तिचे मुख्यालय चेन्नईत आहे, आणि मोटारींसाठी एफआयए व दुचाकींसाठी एफआयएम या जागतिक संघटनांशी ती संलग्न आहे. एखाद्या क्लबच्या स्पर्धेची जाहिरात दिसली की प्रवेशशुल्क विचारण्याआधी तिला एफएमएससीआयची परवानगी आहे का, हे विचारावे. परवानगी असलेल्या स्पर्धेचे स्वतंत्र नियमपत्रक असते आणि खेळातील लोक त्याला एसआर म्हणतात. ते पत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे. कोणता स्पर्धा-परवाना लागेल, नवोदितांचा वेगळा गट आहे का, मोबाइलमधील अॅप किंवा रॅली कॉम्प्युटर वापरता येईल का, दंड कसा मोजला जाईल आणि कमाल किती उशिरानंतर गाडी बाद होईल, हे सारे त्यातच असते. दोन क्लबांचे नियम सारखेच असतील, असे गृहीत धरू नये. या लेखातील दंडाचे आकडेही उदाहरण म्हणूनच घ्यावेत.

परवान्याच्या अर्जासोबत वाहन चालवण्याचा परवाना, डॉक्टरांचे तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र, रक्तगट आणि छायाचित्र तयार ठेवावे. हे काम स्पर्धेच्या आठवड्यात करू नये, किमान तीन आठवडे आधी करावे.

विम्याच्या बाबतीत बहुतेकजण चुकतात, म्हणून येथे थोडे थांबतो. आपल्या नेहमीच्या खासगी कारच्या विमापत्रात वापराच्या मर्यादा दिलेल्या असतात आणि त्यांत संघटित शर्यत, वेगचाचणी व रिलायबिलिटी ट्रायल (गाडीचा भरवसा पारखणारी चाचणी) यांसाठी केलेला वापर वगळलेला असतो. टीएसडीमध्ये वेगाची चढाओढ नसली, तरी स्पर्धेत अपघात झाल्यास कंपनी याच कलमाकडे बोट दाखवू शकते. म्हणून स्पर्धेचे नियमपत्रक जोडून विमा कंपनीला लेखी विचारावे, रॅलीसाठी वेगळे एन्डॉर्समेंट, म्हणजे विमापत्राला जोडलेली पुरवणी, मिळत असल्यास ते घ्यावे, आणि संयोजकांनी स्वतः कोणता विमा उतरवला आहे व त्यात स्पर्धकाच्या गाडीचे नुकसान धरले आहे की केवळ तिसऱ्या व्यक्तीचे, हेही समजून घ्यावे. तोंडी उत्तरावर समाधान मानू नये.

दुसरी बाब कायद्याची. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम १८९नुसार राज्य शासनाच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत किंवा वेगचाचणी करणे हा गुन्हा आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे आणि पुढच्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सुपर कॉरिडॉरवर किंवा बायपासवर रात्री मित्रांनी लावलेल्या शर्यतींना काहीजण हौशी मोटर स्पोर्ट म्हणतात. त्या शर्यती म्हणजे निव्वळ गुन्हा आहेत, आणि त्यांत ज्यांचा जीव जातो ते पुष्कळदा बिचारे रस्त्यावरचे इतर लोक असतात.

आधी मार्शल, मग नॅव्हिगेटर

पहिल्या स्पर्धेआधी एखाद्या रॅलीत स्वयंसेवक मार्शल म्हणून दिवस काढता आला तर तो अवश्य काढावा. क्लबांना मार्शल नेहमीच हवे असतात. मी असा एक दिवस धारच्या बाजूला एका फाट्यावर बसून काढला होता आणि त्या चार तासांत जे शिकलो ते पुढच्या दोन स्पर्धांत शिकलो नाही. एक मिनिटाच्या अंतराने सुटलेल्या गाड्या प्रत्यक्षात दोन-दोन, तीन-तीनच्या झुंडीने येत होत्या, कारण मागच्या गाड्या स्वतःचे गणित सोडून पुढच्या गाडीच्या मागे लागल्या होत्या. पुढची गाडी चुकली की तिच्यामागे सगळी रांग चुकत होती. तेव्हापासून एक नियम आम्ही पाळत आलो आहोत की पुढच्या गाडीचा धुरळा हा मार्गदर्शक नव्हे.

संघ दोघांचा असतो. चालकाने गाडी शांतपणे चालवायची आणि नॅव्हिगेटरने रोड बुक, म्हणजे संयोजकांनी दिलेली मार्गाची पुस्तिका, वाचायचे, मीटर पाहायचे, वेळ मोजायची आणि वेळेवर सांगायचे. नवख्या संघात ज्याची गाडी तो चालक, असे ठरते आणि जो उरला त्याच्या हातात कागद दिला जातो. हे उलट करावे, कारण हिशेब ज्याला जमतो त्याच्यावरच निकाल ठरतो. आपल्या देशात दृष्टिहीन नॅव्हिगेटरांच्या रॅलीही होतात. तेथे रोड बुक ब्रेलमध्ये असते, नॅव्हिगेटर बोटांनी वाचतो आणि डोळस चालक केवळ त्याच्या शब्दावर गाडी वळवतो. नॅव्हिगेटरच्या शब्दावर किती विसंबावे लागते हे ज्याला पाहायचे आहे, त्याने अशी रॅली एकदा जवळून पाहावी.

माझा मामेभाऊ गाडी चालवतो आणि मी कागद सांभाळतो. आमच्यात बोलण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी अंतर, मग खूण, मग दिशा: "दोनशे मीटर, शाळेनंतर, डावीकडे." तो फक्त "डावीकडे" एवढे परत म्हणतो. त्याने परत म्हटले नाही तर त्याला ऐकू गेले नाही असे मी समजतो आणि पुन्हा सांगतो. गाडी चालू असताना वाद घालायचा नाही. कोणाचे बरोबर होते हे टप्पा संपल्यावर, पाणी पिताना ठरवायचे.

चालत्या गाडीत खाली मान घालून वाचल्याने पुष्कळांना मळमळते. याची परीक्षा स्पर्धेच्या दिवशी होऊ देऊ नये. आठ-दहा दिवस आधीपासून शेजारच्या आसनावर बसून वाचण्याची सवय करावी, कागद मांडीवर न ठेवता पाठीशी पुठ्ठा लावून छातीच्या उंचीवर धरावा, आणि सकाळी हलके खावे. छप्पन दुकानचे पोहे-जलेबी स्पर्धा संपल्यावर खाण्याची गोष्ट आहे.

गाडी आणि तिचा मीटर

टीएसडीसाठी गाडीत बदल करण्याची गरज नाही. ब्रेक, हेडलाइट, वायपर, हॉर्न आणि सीटबेल्ट ठीक असावेत, बॅटरी घट्ट बांधलेली असावी, स्टेपनीत हवा असावी, आणि जॅक व पाना केवळ डिकीत पडलेले नसून दोघांनाही वापरता येत असावेत. घरासमोर एकदा चाक बदलून पाहावे. आरसी, विमा, पीयूसी आणि परवाने मूळ प्रतींसह एका पिशवीत ठेवावेत. प्रथमोपचाराची पेटी आणि लहान अग्निशामक बहुतेक ठिकाणी तपासतात. डिकीतील बाकीचे सामान घरी काढून ठेवावे.

खरे काम आहे ते मीटरचे. संयोजकांच्या गाडीने मोजलेले अंतर आणि तुमच्या गाडीने दाखवलेले अंतर सहसा जुळत नाही. नव्या टायरची खाच सुमारे ८ मिलिमीटर खोल असते. ती झिजून २ मिलिमीटर झाली तर सुमारे ३० सेंटिमीटर त्रिज्येच्या चाकाची त्रिज्या ६ मिलिमीटरने, म्हणजे दोन टक्क्यांनी घटते. चाक लहान झाल्यामुळे तेवढ्याच रस्त्यात त्याचे फेरे वाढतात आणि मीटर जास्त अंतर दाखवतो. हवा कमी असली तरी मीटर त्याच बाजूला सरकतो. म्हणून सरावाच्या दिवशी आणि स्पर्धेच्या दिवशी हवेचा दाब एकच ठेवावा, आणि तो टायर थंड असताना तपासावा.

बहुतेक रोड बुकांत आरंभी ठरावीक अंतराचा एक टप्पा मीटर जुळवण्यासाठीच दिलेला असतो. समजा तेथे १०.०० किलोमीटर लिहिले आहे आणि तुमच्या मीटरने १०.३० दाखवले, तर तुमचा गुणक १.०३ झाला. यापुढे रोड बुकातील प्रत्येक अंतराला १.०३ने गुणायचे आणि आलेली संख्या मूळ संख्येशेजारी वेगळ्या रंगात लिहायची. मूळ संख्या खोडू नये. स्पर्धेआधी स्वतःचा ढोबळ गुणक हाती असावा म्हणून देपालपूरकडचा सपाट रस्ता मला सोयीचा वाटतो. पहाटे तेथे जावे, जीपीएसने दहा किलोमीटर मोजावे आणि तेच अंतर दोन्ही दिशांनी तपासावे. घाटात जीपीएसवर फार विसंबू नये, कारण तीव्र वळणांवर ते दोन बिंदूंना सरळ रेषेने जोडते आणि अंतर थोडे कमी भरते.

साधा ट्रिप मीटर १०० मीटरच्या पायरीने सरकतो. ताशी ३६ किलोमीटर वेगाने १०० मीटरला १० सेकंद लागतात, म्हणजे नुसता आकडा पाहून केलेला हिशेब १० सेकंदांपर्यंत चुकू शकतो. यावर उपाय असा की वेळ नेहमी आकडा बदलण्याच्या क्षणी पाहावी. एवढ्या एका सवयीने नवखा संघ मधल्या फळीत येऊ शकतो.

हिशेब

सरासरी वेग मनातल्या मनात सेकंदांत बदलता यायला हवा. ३,६०० भागिले ताशी वेग केले की एका किलोमीटरला लागणारे सेकंद मिळतात. ताशी ३० असेल तर १२०, ३६ला १००, ४०ला ९०, ४५ला ८०, ४८ला ७५ आणि ५०ला ७२. हे सहा आकडे पाठ करावेत. इतर वेगांचा तक्ता घरी करून वहीत चिकटवावा.

एक टप्पा सोडवून पाहू. तुमची सुटण्याची वेळ ७ वाजून १४ मिनिटे आहे. पहिले ८.४० किलोमीटर ताशी ३६ने जायचे आहेत. त्याला ८४० सेकंद, म्हणजे १४ मिनिटे लागतील आणि ७:२८:०० वाजता तुम्ही तेथे असाल. पुढचे ६.०० किलोमीटर ३०ने म्हणजे १२ मिनिटे, ७:४०:००. मग गावातून ३.२० किलोमीटर २४ने, किलोमीटरला १५० सेकंद, म्हणजे ८ मिनिटे, ७:४८:००. शेवटी ९.५० किलोमीटर ४०ने, ८५५ सेकंद, म्हणजे १४ मिनिटे १५ सेकंद, ८:०२:१५. एकूण अंतर २७.१० किलोमीटर आणि वेळ ४८ मिनिटे १५ सेकंद. गुणक १.०३ असेल तर वेग बदलण्याच्या जागा तुमच्या मीटरवर ८.६५, १४.८३ आणि १८.१३ला येतील आणि टप्पा २७.९१ला संपेल. ज्याने गुणक लावलाच नाही तो आपल्या मीटरप्रमाणे अगदी नेमका चालूनही टप्प्याच्या अखेरीस मिनिटाहून अधिक उशिरा पोहोचतो, आणि आपले कुठे चुकले हे त्याला कळतही नाही.

आता समजा ११.४० किलोमीटरवर छुपा टाइम कंट्रोल, म्हणजे वेळ नोंदवण्याचा बिंदू, आहे. तो दुसऱ्या वेगात ३ किलोमीटर आत येतो, म्हणून योग्य वेळ ७:३४:००. तुम्ही ७:३३:५०ला पोहोचलात तर १० सेकंद लवकर, म्हणजे दुप्पट दंडाच्या नियमाने २० गुण. ७:३४:१०ला पोहोचलात तर १०. यामुळे जाणते संघ नेहमी दोन-तीन सेकंद मागे राहून चालतात. वेळ गेली तर ती हळूहळू भरून काढावी. ३६च्या सरासरीत २० सेकंद मागे पडल्यास एक किलोमीटर ४५ने चालले की हिशेब जुळतो. तेवढ्यासाठी ८० गाठण्याची गरज नसते, आणि गावाच्या हद्दीत वेळ भरून काढण्याचा विचारही करू नये.

सरावासाठी महूहून जाम दरवाजामार्गे मंडलेश्वरकडे उतरणारा रस्ता उत्तम आहे. अहिल्याबाईंच्या काळातील त्या दरवाजापर्यंत माळव्याचे पठार आहे आणि त्यापलीकडे विंध्याच्या कड्यावरून रस्ता निमाडात उतरतो. सपाटीवरची सरासरी आणि घाटातली सरासरी यांतला फरक एकाच सकाळी कळतो. मात्र पावसाळ्यातल्या रविवारी तेथे धुके आणि सहलीला आलेली कुटुंबे दोन्ही दाट असतात, त्यामुळे सराव हिवाळ्यात आणि शक्यतो कामाच्या दिवशी पहाटे करावा.

रोड बुक आणि स्पर्धेचा दिवस

रोड बुकात प्रत्येक वळणासाठी एक ओळ असते: आरंभापासूनचे अंतर, मागच्या खुणेपासूनचे अंतर, रस्त्याचे छोटे रेखाचित्र आणि शेरा. या रेखाचित्रांना हॉलंडमधील ट्यूलिप रॅलीवरून ट्यूलिप म्हणतात. खालचा ठिपका म्हणजे तुम्ही जेथून येत आहात ती बाजू आणि बाण म्हणजे जायची बाजू. चित्र उत्तर दिशेप्रमाणे काढलेले नसते, तुमच्या बोनेटच्या दिशेप्रमाणे काढलेले असते, म्हणून कागद फिरवून वाचू नये. झालेली ओळ पेन्सिलीने लगेच रेघ मारून बंद करावी. आमच्या पहिल्या रॅलीत मी एक ओळ गाळली. पुढचा तिठा चित्राशी जुळतो आहे असे वाटल्याने आम्ही चार किलोमीटर भलत्याच गावाकडे गेलो. तेव्हापासून दोन्ही अंतरे आणि चित्र अशा तिन्ही गोष्टी जुळल्याशिवाय मी वळण सांगत नाही.

वाट चुकली असे वाटल्यास शेवटच्या खात्रीच्या खुणेपर्यंत परत जावे. जाण्यायेण्याचे जादा अंतर मीटरमध्ये शिरते, म्हणून त्या खुणेवर मीटरने किती दाखवले आणि किती दाखवायला हवे होते, यातला फरक मोठ्या अक्षरांत लिहून पुढच्या प्रत्येक आकड्यात मिळवावा. मधूनच आडवाटेने मार्ग गाठण्याचा मोह टाळावा, कारण कंट्रोलमध्ये चुकीच्या दिशेने शिरणे किंवा कंट्रोल हुकणे यांचा दंड उशिरापेक्षा कितीतरी मोठा असतो.

सकाळी पोहोचल्यावर पहिले काम म्हणजे स्वतःचे घड्याळ संयोजकांच्या अधिकृत घड्याळाशी सेकंदापर्यंत जुळवणे. मग स्क्रुटिनी, म्हणजे गाडीची तपासणी, मग क्रमांकाचे स्टिकर, मग सूचनांची बैठक. तेथे नियमपत्रकातील बदल सांगितले जातात, म्हणून दोघांनीही हजर राहावे. वेळा नोंदवण्याचे टाइम कार्ड मिळाल्यावर त्यावरचा क्रमांक तपासावा आणि प्रत्येक कंट्रोलवर मार्शलने लिहिलेली वेळ आपल्या घड्याळाशी पडताळूनच पुढे निघावे. कंट्रोल दिसल्यावर आपण लवकर आलो आहोत हे कळले तरी तेथे थांबू नये किंवा रेंगाळू नये. बहुतेक नियमांत त्यालाही दंड आहे.

स्पर्धेनंतर तात्पुरता निकाल लागतो आणि हरकत घेण्याची मुदत बहुधा अर्ध्या तासाची असते, तेव्हा लगेच घरी निघू नये. निकालाचा कागद घेऊन प्रत्येक कंट्रोलवरचा फरक पाहावा. सगळीकडे थोडा-थोडा वाढत जाणारा उशीर असेल तर गुणक चुकला आहे. एकाच जागी मोठा फरक असेल तर तेथे वाट किंवा बेरीज चुकली आहे.

त्यानंतर ऑटोक्रॉस

दोन-तीन टीएसडी झाल्यावर ज्यांना प्रत्यक्ष वेगाची ओढ आहे त्यांनी ऑटोक्रॉसकडे वळावे. मोकळ्या मैदानात शंकू आणि पट्ट्या लावून वळणांचा मार्ग आखतात आणि एका वेळी एकच गाडी घड्याळाविरुद्ध धावते. शंकू पाडला तर सेकंद वाढतात. गट इंजिनाच्या क्षमतेनुसार असतात, त्यामुळे साध्या गाडीला साध्या गाडीशीच झुंजावे लागते. मार्ग आधी पायी फिरून पाहू देतात. तो किमान तीनदा फिरावा, आणि तिसऱ्यांदा डोळे मिटून सगळी वळणे क्रमाने म्हणून दाखवावीत.

हेल्मेट उधार घेऊ नये. कोणते मानक चालेल हे नियमपत्रकात दिलेले असते. मोटारसायकलच्या हेल्मेटच्या मानकात आगीपासून संरक्षणाची अट नसते, म्हणून काही स्पर्धांत ते नाकारतात. ब्रेक फ्लुइड जुने असल्यास बदलावे. ते हवेतील ओलावा शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. डॉट ४ प्रकारच्या फ्लुइडचे किमान मानक कोरडे असताना २३० अंश सेल्सिअस आहे आणि ओलावा शिरल्यावर ते १५५ अंशांवर येते. सलग जोराच्या ब्रेकिंगमध्ये फ्लुइडची वाफ झाली की पेडल खाली जाते आणि गाडी थांबत नाही. चाकांचे नट स्वतःच्या हाताने घट्ट करावेत. पायाखालची मॅटिंग काढून टाकावी.

आपली काळी माती कोरडी असते तेव्हा पकड बरी देते, पण भेगा आणि धूळ फार. पाऊस पडून गेल्यावर तीच माती टायरच्या खाचा भरून टाकते आणि टायर गुळगुळीत झाल्यासारखा घसरतो. अशा दिवशी पहिली फेरी निम्म्या वेगाने करावी, वळणाआधी सरळ रेषेतच ब्रेक मारून घ्यावा आणि वळणात पेडलवर पाय हलका ठेवावा.

फेरी संपल्यावर गाडी लगेच बंद करून हँडब्रेक ओढू नये. दोन मिनिटे सावकाश फिरवून ब्रेक थंड होऊ द्यावेत, मग गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाखाली दगड लावावा. एअर फिल्टर त्याच संध्याकाळी काढून झटकावा. रिमच्या आतल्या बाजूला चिकटलेली माती पाण्याच्या धारेने धुवावी, कारण ती तशीच वाळली तर चाकाचा तोल जातो, आणि सोमवारी सकाळी एबी रोडवरून ऑफिसला जाताना ताशी साठच्या पुढे स्टिअरिंग थरथरू लागते.